चावीवाल्याचा ठोका

आपल्या मोठं होण्याबद्दल लिहिणारे लोक आधी लहानपण लिहितात. माझ्या लहानपणात लिहिण्यासारखं काही नाही. चौथीपर्यंत शाळा, मग आईबरोबर दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत मजुरी, मग लग्न. मोठी मी जयपुरात झाले, आणि तेही कानामागचे केस पांढरे व्हायला लागल्यावर, माझ्या लेकीच्या तरुणपणात. म्हणून हे प्रकरण तिच्यापासून सुरू होतं. ज्यांना आंब्याची झाडं आणि आजोळ वाचायचं असेल त्यांनी दुसरं पुस्तक बघावं.

आमचं क्वार्टर सांगानेरकडे जाणाऱ्या रुळांच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, मागे मोरी. गाडी गेली की फळीवरचे डबे एकमेकांना लागायचे आणि मी बोलत असले तर तेवढ्यापुरती थांबायची. आमचे हे चावीवाले होते. म्हणजे खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासायचे. रूळ जिथे खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवलेला असतो तिथली लोखंडी चावी सैल झाली की ठोकून घट्ट करायची. घट्ट चावीवर हातोडा मारला की ठण्ण वाजतं, सैल असली की बद्द. हे कोणालाही ऐकून कळेल, त्यात विद्या काही नाही. पण जन्मभर तेच ऐकून ह्यांना खोड लागली होती. घरात काहीही आणा, हे बोटाच्या पेराने वाजवून बघणार. माठ, गॅसची टाकी, कलिंगड, नवं दार. एकदा पाहुण्यांनी बरोबर आणलेल्या मुलाच्या डोक्यावर टिचकी मारायला निघाले होते, मी हात धरला.

वर्षा आमची एकुलती एक. जन्म जयपूरच्या रेल्वे दवाखान्यातला. शाळा हिंदीतली, कॉलेज हिंदीतलं, मैत्रिणी सगळ्या इथल्या. मराठी बोलायची, पण दर दोन शब्दांनंतर एक "मतलब" टाकून. "आई, मतलब, तू समझत नाहीस." मी म्हणायची, समजत नाहीस म्हण, मग समजेल. देवनागरी वाचायची भराभर, पण मराठी पेपर वाचताना ळ आला की अडखळायची. मुलगी बोलायला कमी. वडिलांसारखीच आधी कान द्यायची, मग तोंड उघडायची. मला त्याचा राग यायचा. मला वाटायचं, अशी मुलगी कोणी हाकलली तर हाकलून घेईल.

त्या वर्षांत बटणांचे मोबाइल सगळ्यांच्या हातात यायला लागले होते आणि त्यांत खेळ असायचे. असे खेळ बनवणाऱ्या बंगळूरच्या एका कंपनीने इथल्या एका संस्थेला हाताशी धरून प्रताप नगरात, सामुदायिक भवनाच्या वरच्या मजल्यावर, मोफत शिक्षण सुरू केलं. बाहेर मोठा फलक लागला. त्यावर हिंदीत लिहिलं होतं की स्थानिक मुलामुलींना खेळ बनवायचं शिक्षण आणि पुढे रोजगार. मी भाजी घेऊन येताना तो वाचला आणि मला हसू आलं. खेळ शिकायला आता शाळा लागते होय. पण वर्षाने नाव घातलं आणि पहिल्या आठवड्यातच तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

एक गोष्ट मी आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे रागात राहून जाईल. तिथे शिकवलं चांगलं. चित्र कसं हलवायचं, आवाज कसा भरायचा, बनवलेला खेळ पुन्हापुन्हा खेळून त्यातल्या चुका कशा पकडायच्या, सगळं शिकवलं. फीचा एक पैसा घेतला नाही. पोरींना तिथे कोणी वाकडं बोललं नाही. वाईट शिकवलं असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरले असते. चांगलं शिकवलं म्हणूनच राग अजून जात नाही.

शेवटी प्रत्येकाला आपला एक छोटा खेळ करायचा होता. बाकीच्यांनी गाड्या पळवल्या, माकडं उडवली. वर्षाने चावीवाला केला. हातोडा घेतलेला एक माणूस रुळांवरून चालतो, बटण दाबलं की चावीवर ठोका मारतो. आवाजावरून ओळखायचं, घट्ट की सैल. सैल असेल तर दुसरं बटण दाबून घट्ट करायची, चुकलात तर मागून येणारी गाडी घसरते. डोळ्यांना सगळ्या चाव्या सारख्याच दिसतात, फरक फक्त कानाला. ह्या खेळासाठी तिने सेंटरमधून माइक आणला आणि बापाला अंगणात बसवलं. रुळांची दुरुस्ती करणाऱ्या गँगच्या झोपडीजवळ पडलेला रुळाचा जुना तुकडा ह्यांनी आणला होता. ते ठोकत होते आणि ती "पप्पा, अजून एकदा, मतलब, थोडं हळू" करत होती. शेजारची कुत्री भुंकायला लागली म्हणून मी त्यांना भाकरी टाकून गप्प केलं. दुपारभर हे चाललं. बाप आणि लेक एका कामाला एकत्र बसलेले मी तेव्हाच पाहिले. हे इतके खूश होते की चहा थंड झाला तरी ओरडले नाहीत.

मग बातमी आली की कंपनी जयपुरातच आपलं ऑफिस काढणार आहे आणि ह्या सेंटरमधल्या एका मुलीला पहिली नोकरी देणार आहे. एकच जागा. सगळे म्हणत होते वर्षाच. शिकवणारे सर म्हणत होते, तिच्याबरोबरची मोनिका म्हणत होती. मोनिका जयपूरच्याच सोडाल्यातल्या एका कापडवाल्याची मुलगी, हसरी, आमच्याकडे येऊन ठेचा खाणारी आणि डोळ्यांतून पाणी काढत पुन्हा मागणारी.

ही जागा आमच्यासाठी नुसती नोकरी नव्हती. ह्यांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. आणि मग काय, ह्या प्रश्नाला ह्यांचं एकच उत्तर होतं, गावी जाऊ. जयपुरात आल्या दिवसापासून हे गावी जाणार होते. कूलर घ्यायचा म्हटलं तर कशाला, गावी जायचंच आहे. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर स्वस्त मिळत होतं तेव्हा कशाला, गावी जायचंच आहे. गाव म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं तापीकाठचं. तिथे ह्यांच्या वाटणीची एक खोली होती आणि त्या खोलीत दीर कांदे भरायचे. आम्ही दिवाळीला गेलो की ते कांदे एका बाजूला लोटून आम्हाला झोपायला जागा करायचे. त्या कांद्यांशेजारी बसून वर्षा कुठल्या कंपनीचे खेळ करणार होती? मी ठरवून टाकलं होतं. वर्षाला नोकरी लागली की जयपुरातच भाड्याने खोल्या घ्यायच्या. ह्यांना जायचं तर जाऊ देत. आणि नाही लागली तर कांदे.

संस्थेच्या कविता मॅडमनी निरोप पाठवला की कंपनीसाठी एक फिल्म काढायची आहे, परदेशातले लोक बघतील, वर्षाच्या घरी शूटिंग करू. जाड काजळ, हातमागाची साडी, बोलणं मधासारखं. दारातून आत आल्या आणि मला खालून वर बघितलं. "आंटीजी, राजस्थानी ओढनी नहीं है आपके पास?" मी म्हटलं, साडी आहे. "कोई बात नहीं, पल्लू सिर पर ले लीजिए।" तो मी घेतलेलाच होता. मग म्हणाल्या, "खाने में दाल-बाटी बनाएँगी? कैमरे पर अच्छा लगता है।" आता खानदेशातल्या बाईला कोणी बाटी करायला सांगावं! आमच्याकडे लग्न असो की तेरावं, वरण-बट्टीशिवाय पंगत उठत नाही. मी जाडसर दळलेल्या गव्हात मूठभर मक्याचं पीठ घातलं, ओवा घातला, रोडगे वळून वाफवले, कापले आणि तुपात तळले. तुरीचं घट्ट वरण, घोटलेली वांग्याची भाजी, वर काळा मसाला. घरभर वास सुटला. मॅडमनी ताटात बघितलं. "ये तो कटी हुई है। बाटी तो गोल होती है ना? अंगारे वाली?" मी म्हटलं, मॅडम, ही आमची बट्टी. "हाँ, पर... लोकल वाली चाहिए थी।" कॅमेरा धरणारा पोऱ्या मात्र काही न बोलता खात सुटला होता. त्याला मी आणखी वाढलं.

जेवणं झाली आणि मॅडमनी ह्यांना खुर्चीवर बसवलं. कॅमेरा सुरू झाला. "अंकलजी, आप कहाँ के हैं?" एवढाच प्रश्न. माझ्या हातात ताटं होती, मी दारात उभी होते. आणि ह्या माणसाचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "जी, हम तो महाराष्ट्र से। जलगाँव जिला।" मग तापी, मग केळीच्या बागा, मग भरताची वांगी. मॅडम म्हणाल्या, "और जयपुर?" हे म्हणाले, "जयपुर तो नौकरी है जी। अब रिटायर होऊँगा तो सब लेके अपने गाँव।" सब लेके. कांद्यांवर. मी ताटं मोरीत आपटली. कॅमेऱ्यात तो आवाज आला असणार, कारण मॅडम "कट" म्हणाल्या. पण आवाजामुळे नाही. हे उत्तर त्यांना नको होतं, ते त्यांचं तोंड बघूनच मला कळलं होतं.

बदलीवाली माणसं सगळी अशीच. बँकेतले साहेब असोत की आमच्यासारखे हातोडेवाले, आयुष्य एका गावात जातं आणि विचारलं की नाव दुसऱ्याच गावाचं सांगतात. गणपतीत राजा पार्कला मराठी लोक जमायचे तिथे हाच खेळ. तुम्ही कुठले? आम्ही सातारचे. तुम्ही? आम्ही अकोल्याचे. आरती जयपुरात, मूर्ती जयपूरच्या कुंभाराची, प्रसादाचं तूप जयपूरचं, आणि हॉलमध्ये जयपूरचा एक माणूस सापडायचा नाही.

काही दिवसांनी वर्षा सेंटरमधून आली आणि चपला न काढताच अंगणात बसली. जागा मोनिकाला मिळाली होती. मी विचारलं, तिचा खेळ तुझ्यापेक्षा चांगला आहे का? म्हणाली, "तिचा खेळ पुरा पण नाही झाला." रडली नाही. रडली असती तर मी कदाचित घरी थांबले असते. मी पदर खोचला आणि प्रताप नगरला गेले.

मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "वर्षा बहुत होशियार है आंटीजी, सबसे होशियार। पर कंपनी लोकल कम्युनिटी को सपोर्ट करना चाहती है।"

मी म्हटलं, "तो वर्षा कहाँ की है?"

"आप लोग तो महाराष्ट्र के हैं ना?"

"मैं हूँ। वो तो यहीं पैदा हुई।"

"अंकलजी ने खुद बोला, चले जाएँगे। हम किसी को नौकरी दें और वो चला जाए, तो यहाँ वालों का क्या फ़ायदा?"

"नौकरी होगी तो क्यों जाएँगे?"

त्या हसल्या. समजूतदार हसल्या, त्याचाच मला जास्त राग आला. "उद्घाटन में ज़रूर आइए। वर्षा का गेम हम बड़े परदे पर दिखा रहे हैं। मोनिका बोलेगी, वर्षा कंप्यूटर चलाएगी। टीम वर्क।"

म्हणजे मुलगी बाहेरची आणि खेळ इथला. हे माझ्या डोक्यात शिरायला घर येईपर्यंतचा रस्ता लागला. शिरलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले, मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी हलले नाही.

घरी हे माठ वाजवत बसले होते. मी म्हटलं, "कुठलं गाव हो तुमचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठे आहे? दाखवा मला. कांद्याखाली आहे की कांद्यावर?"

"आता काय झालं?"

"पोरीची जागा गेली. तुम्ही कॅमेऱ्यासमोर सामान बांधलंत ना, म्हणून गेली."

ह्यांनी माठावरचा हात काढला. मग म्हणाले, "त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं." मी म्हटलं, "खरं? ज्या गावात तुमचं रेशन कार्ड नाही, चूल नाही, तुम्ही मेलात तर खांदा द्यायला कोण हे ठाऊक नाही, ते खरं? आणि ज्या रुळांवर पाय झिजवलेत ते खोटं?" वर्षा आतून म्हणाली, "आई, बस कर ना." मी बस केलं नाही. त्या दिवशी मी जे बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. ते वाईट होतं म्हणून नाही. लांब होतं म्हणून.

ऑफिसच्या उद्घाटनाला आम्ही तिघंही गेलो. खाली सामुदायिक भवनात खुर्च्या मांडलेल्या, दारात मिरचीवडे आणि समोसे. मोनिकाला लहेरियाची ओढणी आणि कपाळावर बोरला घातला होता. माझ्याकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती. बंगळूरचे साहेब आले, तरुण होते, जीन्समध्ये. त्यांना साफा बांधला, टिळा लावला. वर्षा कोपऱ्यात टेबलामागे कंप्यूटरजवळ. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, जशी रोज जायची तशी.

पडदा उजळला. रूळ दिसले, मागे एक छोटा किल्ला दिसला, तो मॅडमच्या सांगण्यावरून घातलेला, वर्षाने नंतर सांगितलं. आणि तो माणूस चालायला लागला. वर्षाने त्याला वडिलांची चाल दिली होती, उजवा खांदा किंचित खाली. ठण्ण. ठण्ण. बद्द. हॉलभर आवाज घुमला. माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांनी झटकन मान वळवली आणि ओठातल्या ओठात म्हणाले, "सैल आहे." त्यांना खेळ आठवला नव्हता, त्यांना काम आठवलं होतं. माइकवर कविता मॅडम म्हणत होत्या, "सुनिए, ये है हमारे राजस्थान की आवाज़। इस मिट्टी की आवाज़।" टाळ्या पडल्या.

मी उभी राहिले. त्याआधी माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये मी कधी तोंड उघडलं नव्हतं. हिंदी माझी बाजारातली, पण तेवढी पुरली. मी म्हटलं, "मैडम, ये आवाज़ इनके हथौड़े की है। ये आदमी यहाँ बैठा है। आपने बोला ये बाहर का है। तो आवाज़ भी बाहर की हुई। वापस दो।"

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे. मॅडमही हसल्या, "आंटीजी बहुत प्यारी हैं, बैठिए आंटीजी।" हे माझा पदर ओढत होते. साहेब सभ्य होते, त्यांनी विषय बदलला, "मैं खेलकर देखूँ?" असं म्हणून टेबलाकडे गेले. वर्षा खुर्चीवरून उठली, त्यांना बसायला जागा दिली. आणि ते बसत असताना तिने हात खाली घातला आणि स्पीकरची वायर काढून घेतली.

पडद्यावरचा माणूस चालत होता, हातोडा मारत होता, पण हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. साहेबांनी एक चावी सोडली, गाडी आली, घसरली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा घसरली. सगळ्या चाव्या सारख्या दिसत होत्या ना. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "साउंड नहीं आ रहा?"

माझी न बोलणारी मुलगी त्या भरल्या हॉलमध्ये बोलली. "सर, वो आवाज़ बाहर की है। लोकल लगाइए।"

कोणी हसलं नाही. साहेबांना काही कळलं नाही, ते मॅडमकडे बघत राहिले. मॅडमनी वायरसाठी हात पुढे केला. वर्षाने ती मुठीत धरली होती आणि दिली नाही. मोनिकाने डोक्यावरची ओढणी काढून खुर्चीवर ठेवली, एवढं मी पाहिलं. मग आम्ही निघालो. दारात मिरचीवडे ठेवले होते, मी तीन उचलले, कागदात बांधले. ते सोडायचं काही कारण नव्हतं.

ह्या गोष्टीचा शेवट गोड झाला असं कोणी समजू नये. साहेबांनी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून वर्षाला बोलावलं वगैरे काही नाही. नोकरी मोनिकालाच मिळाली, आणि ती वाईट मुलगी नसल्यामुळे मला तिच्यावर नीट रागावताही येईना. कंपनीचं ऑफिस फार चाललं नाही, फलक उतरला. फिल्म तयार झाली होती म्हणे. तिच्यात आमचं अंगण आहे की नाही मला माहीत नाही. वर्षाने प्रताप नगरातल्या एका कोचिंगमध्ये मुलांना कंप्यूटर शिकवायला सुरुवात केली, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे, आणि आता जे करते ते मला समजत नाही पण घर चालतं. तिच्या कामात कोणी नवीन आलं की ती विचारते, काय येतं. कुठला हे विचारत नाही. मी हे मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं आहे.

ह्यांची रिटायरमेंट झाली आणि आम्ही गावी गेलो नाही. हाउसिंग बोर्डाच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, त्याच सामुदायिक भवनापासून हाकेच्या अंतरावर. ह्यांनी भांडण केलं नाही. पण सवय गेली नाही. भाजीवाला विचारायचा, दवाखान्यातली नर्स विचारायची, बाबूजी कहाँ के हो, आणि हे शेवटपर्यंत सांगत राहिले, जलगाँव. हे गेले तेव्हा तिथून कोणी आलं नाही. खांदा दिला तो इथल्या चौघांनी, त्यातला एक ह्यांच्या गँगमधला मीणा आणि एक तो भाजीवाला.

मला अजून लोक विचारतात. परवा बँकेत एका पोरीने विचारलं, अम्माजी, आप कहाँ से हैं? मी तिला म्हटलं, आधी तू सांग, कशासाठी पाहिजे? ती गोंधळली. म्हणाली, ऐसे ही. मी म्हटलं, ऐसे ही कोणी विचारत नाही. तुझं काम कर.